बावीस किलोंचा संसार

वाळू संपली होती, एवढंच निमित्त झालं.

मी बॅगा दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली. खाली दुकान, वर घर आणि मधे सतरा पायऱ्यांचा दगडी जिना. चाक, चेन, मूठ, कुलूप, अस्तर, जे तुटेल ते मी सांधतो, आणि माझ्या हातून गेलेली बॅग त्याच दुखण्यासाठी कधी परत आलेली नाही. (दुसऱ्या दुखण्यांसाठी आल्या आहेत, पण म्हातारपण कुणाला चुकलंय?) याचं श्रेय माझ्या परीक्षेला. दुरुस्त झालेली बॅग मी तशीच गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. येताना तिच्यात जेवढं वजन होतं, बरोबर तेवढंच वजन भरतो आणि तिला सतरा पायऱ्यांवरून चाळीस वेळा वर-खाली ओढतो. यातून जे चाक वाचतं ते जगातल्या कुठल्याही विमानतळाला पुरून उरतं. गिऱ्हाइकाचं सामान मात्र मी असं आपटत नाही. ते काढून, इस्त्रीची घडीसुद्धा न मोडता, एका पेटीत ठेवतो. परीक्षेसाठी माझ्याकडे वाळूच्या पिशव्या होत्या, पाव किलोपासून पाच किलोंपर्यंत.

होत्या म्हणायचं कारण म्हणजे आमची ही. ती शाळेत भूगोल शिकवते. सव्वीस वर्षं शिकवतेय. सगळे तिला भूगोलबाई म्हणतात, आणि ती समोर नसली की मीही म्हणतो. पाचवीच्या मुलांना नदीचं खोरं कसं तयार होतं ते दाखवायचं म्हणून तिने माझी सगळी वाळू शाळेत नेली. मला विचारून नेली असती तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने विचारलं नाही.

त्या दिवसांत आमच्यात तसाही अबोला म्हणावा असा बोलका वाद चालू होता. दोन महिन्यांपूर्वी तिला पत्र आलं होतं. शिक्षकांच्या एका अदलाबदलीच्या योजनेत तिची निवड झाली होती. तीन आठवडे परदेशातल्या एका शाळेत शिकवायचं आणि तिथल्याच एका शिक्षिकेच्या घरी राहायचं. पत्र तिने उभ्यानेच तीनदा वाचलं. मी विचारलं, "कोण गेलं?"

"मी चाललेय," ती म्हणाली.

आता, परदेशी जाऊन दुसऱ्यांची संस्कृती बघावी की नाही, याबद्दल माझं मत पक्कं आहे. बघू नये. गरजच नाही. मी दुकानात बसल्या बसल्या जग पाहिलंय. कुठले लोक बूट तळाशी ठेवतात, कुठले लोक कपड्यांच्या गुंडाळ्या करतात, कुठे पावसाला भिऊन अस्तराला मेण लावतात, सगळं मला पाठ आहे. मी तिला म्हटलं, "एका देशातनं आलेल्या बॅगेला तीन कुलपं होती. तिथे कुणाचा कुणावर विश्वास नाही, हे कळायला तिथे कशाला जायला हवं?"

"तीन कुलपांची बॅग समोरच्या औषधवाल्यांची होती," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे जग येत नाही. जगाच्या बॅगा येतात. त्याही मोडलेल्या."

आमचे सासरे, अण्णा, आमच्याकडेच राहतात. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात अडतीस वर्षं काढली त्यांनी. या विषयावर त्यांचंही एक मत आहे. ते म्हणाले, "मालाने जावं. माणसाने पावती सांभाळून घरी बसावं."

यावर हिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "परवा एका पोरीने वर्गात विचारलं, बाई, ती बर्फाच्या पाण्याने फुगणारी नदी तुम्ही पाहिलीय का? मी म्हटलं, पुस्तकात पाहिलीय. ती म्हणाली, पुस्तकात तर आम्हीपण पाहिलीय."

मी म्हटलं, "जा की मग. मी कुठे अडवलंय." हे वाक्य नवरे ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात मी ते म्हटलं. तिने पासपोर्ट काढला, त्यावर व्हिसा घेतला, आणि तो कुठे ठेवला ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मलाही मानपान आहे.

अशा वातावरणात एका संध्याकाळी दुकानात एक प्राध्यापक आले. उंच, घाईतले, आणि मागे एक चाक मोडलेली मोठी काळी बॅग. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं, ही जाणार होती त्याच देशाचं, आणि दौरा दहा दिवसांचा. घरोघरच्या जुन्या वस्तूंचा त्यांचा अभ्यास होता आणि त्याच वस्तू व्याख्यानात दाखवायला ते घेऊन चालले होते.

"विषय काय व्याख्यानाचा?" मी विचारलं.

"दुसऱ्यांची संस्कृती कळायला माणसाने परदेशी जावं का?"

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"मी गेलो नाही, माझं काही अडलं नाही."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं. बॅग काट्यावर ठेवली, बावीस किलो चारशे ग्रॅम भरली. अण्णांनी पावती फाडली, बॅगेला चिठ्ठी बांधली, सकाळी दहाची वेळ दिली.

सकाळी आठपर्यंत चाक बसलं. आता परीक्षा. वाळूच्या कोनाड्यात हात घातला तर कोनाडा रिकामा. ही केव्हाच शाळेत गेली होती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, एक दिवस परीक्षा नाही घेतली तर काय बिघडतं. मी तसला नाही. मी वर घरात गेलो आणि वजन शोधू लागलो.

लोखंडी खलबत्ता घेतला, सहा किलो. कोळशाची जुनी इस्त्री, चार किलो. पितळी समई घेणार होतो, पण तिची चार टोकं अस्तर फाडतील म्हणून ठेवून दिली. (बघा, केवढा विचार करतो मी.) त्याऐवजी दाराला लावायचा दगड, तीन किलो. अण्णांचा वजनांचा जुना संच, पाच किलो. दोन जाडे शब्दकोश, तीन किलो. वस्तू एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे मधे माझे जुने बनियन कोंबले, ते सगळे मिळून भरले दोनशे ग्रॅम. आता एक किलो दोनशे कमी पडत होतं. फडताळाच्या वरच्या फळीवर हिचा बटणांचा डबा होता. हलवून पाहिला, आत बटणं खळखळली. काट्यावर ठेवला. एक किलो दोनशे, काटा बरोबर रेघेवर. असा योग आयुष्यात एखाद्याच वेळी येतो. मला त्या डब्याचा मुका घ्यावासा वाटला.

चाळीस फेऱ्या झाल्या. चाक मूग गिळून चालत होतं. फक्त मुठीपाशी एक रिव्हेट किंचित, अगदी केसभर, हलत होतं. गिऱ्हाइकाला जन्मात कळलं नसतं. पण मला कळलं होतं. बॅग काउंटरजवळ उभी करून मी शेजारच्या गल्लीत रिव्हेट आणायला गेलो. परतलो तेव्हा साडेनऊ झाले होते, आणि काउंटरजवळ अण्णा पेपर वाचत होते.

"अण्णा, इथली बॅग?"

"दिली."

"कुणाला?"

"पावतीवाल्यांना. लवकर आले. चिठ्ठी जुळवली, सही घेतली, सोडलं."

"पण आत आपलं सामान होतं."

"आत काय आहे ते बघायचं नसतं, जावईबापू. बंद माल आहे."

"निदान वजन तरी करायचं."

"केलं की. येताना बावीस चारशे, जाताना बावीस चारशे. तुमचं काम चोख असतं. मी सगळ्यांना सांगतो."

प्राध्यापकांचं सगळं सामान, शर्ट, वस्तू, कागद, पेटीत घडी न मोडता बसलं होतं. मी पेटी उचलली, टॅक्सी केली आणि विमानतळ गाठला. प्राध्यापकांचा फोन बंद. दारावरचा पहारेकरी तिकिटाशिवाय आत सोडेना. तेवढ्यात काचेतून मला ते दिसले. लांबच्या लांब गुळगुळीत फरशीवरून चालले होते आणि मागून बॅग येत होती. काय सांगू तुम्हाला, एका बोटाने ओढत होते. आवाज नाही, थरथर नाही, तिरकी चाल नाही. मी बघतच राहिलो. पहाऱ्यावरच्या माणसाला म्हटलं, "ते चाक मी बसवलंय." हाक मारायची आठवण झाली तोवर प्राध्यापक दिसेनासे झाले होते.

घरी येताना मी स्वतःची समजूत घातली. खलबत्ता आणि दगड दहा दिवसांनी परत येतील. हिला सांगायचं, धुवायला दिलेत.

संध्याकाळी ही शाळेतून आली, फडताळाशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

"बटणांचा डबा कुठाय?"

"का? बटण तुटलं का?" मी म्हटलं. "मी लावून देतो."

"अहो, डबा कुठाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वाळूपासून. (वाळूवर जरा जास्त भर दिला.) ती मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "त्यात पासपोर्ट होता. बटणांच्या खाली. या घरात तुम्ही जिला हात लावणार नाही अशी तेवढी एकच जागा होती."

तिचं विमान नऊ दिवसांनी होतं. प्राध्यापक दहा दिवसांनी येणार होते.

खरं सांगतो, क्षणभर माझ्या मनात आलं की चला, वाद मिटला. ती रागावली असती, भांडली असती, तर तो विचार कदाचित टिकलाही असता. पण तिने भरायला काढलेली आपली बॅग ओढली, वरचा लोकरी कोट काढला, घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. पुस्तकात आहेच सगळं." मला वाटलं होतं, हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं की मला जिंकल्यासारखं वाटेल. मला स्वतःची लाज वाटली. इतकी की त्या दिवशी जेवताना मी कुणालाही काही शिकवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी प्राध्यापकांना फोन करत सुटलो. ते पोचले असतील-नसतील, मला अंदाज नाही. ही भिंतीवरचा नकाशा बघून सांगायची, "आत्ता तिथे पहाटेचे चार वाजलेत. माणसाला झोपू द्या." दोन तासांनी, "आता उठले असतील. लावा." सव्वीस वर्षं फळ्यावर काढलेल्या रेखावृत्तांच्या उभ्या रेघांचा घरात हा पहिलाच उपयोग. ती रागात असूनही चुकत नव्हती, आणि मला, वेळ ती नव्हती तरी, तिचं फार कौतुक वाटलं. फोन मात्र लागला नाही. प्राध्यापकांच्या पेटीतल्या कागदांवर तिकडचा पत्ता असेल म्हणून मी झाकण उघडायला गेलो, तर अण्णा पेटीवर बसले. "दुसऱ्याचा माल," ते म्हणाले. त्यांना उठवेपर्यंत तिसरा दिवस उजाडला, आणि त्या संध्याकाळी प्राध्यापकांचाच फोन आला. मी स्पीकर चालू केला.

"अहो बॅगवाले," तिकडून आवाज आला, "हे काय दिलंत तुम्ही मला?"

"चाकं कशी चालली?" मी विचारलं. हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन तिच्यापुढे ठेवला.

प्राध्यापकांनी सांगितलं ते असं. त्यांची एक पद्धत होती. व्याख्यानाआधी बॅग उघडायची नाही. मंचावर सगळ्यांसमोर उघडायची आणि एकेक वस्तू काढून बोलायचं. त्यामुळे हॉटेलात ते अंगावरच्या कपड्यांनिशी झोपले, तीनशे लोकांसमोर बॅग उघडली, आणि पहिली वस्तू म्हणून माझा बनियन हातात आला.

"मला घाम फुटला," प्राध्यापक म्हणाले. "पण आता बोलणं तर भाग होतं. म्हटलं, मंडळी, हे एक घर आहे. मी या घरात कधी गेलो नाही. बघू या, वस्तू काय सांगतात. खलबत्ता काढला. बत्त्याची मूठ दोन्ही बाजूंनी झिजलेली. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. मी म्हटलं, या घरात बाई डावखुरी आहे, आणि तिचा नवरा उजव्या हाताने रोज कुटायला मदत करतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो."

ही डावखुरी आहे, हे खरं. उजवीकडची झीज माझी, हेही खरं. मी त्या बत्त्याने रिव्हेट ठोकतो. हिने हळूच माझ्याकडे पाहिलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"मग बटणांचा डबा उघडला," प्राध्यापक सांगत होते. "म्हटलं, हे घर काहीही टाकून देत नाही. बटणं टेबलावर ओतली आणि खालून पासपोर्ट पडला. उघडला. आत घडी घातलेलं निवडीचं पत्र, भूगोलाची शिक्षिका, वय एकोणपन्नास. एक कोरा करकरीत व्हिसा, बाकी सगळी पानं रिकामी. बाई, माझं चाळीस मिनिटांचं भाषण तयार होतं, ते मी केलंच नाही. नुसता तो पासपोर्ट वर धरला आणि म्हटलं, परदेशी जावं का, हा प्रश्न आपण विचारतोय. या बाईंनी उत्तर बटणांच्या खाली जपून ठेवलंय. लोक उभे राहिले."

आमच्याकडे अण्णांनी चष्मा पुसला.

मग ही तिच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "सर, लोक बसले असतील तर तो पासपोर्ट आजच कुरिअरने पाठवा. तिथलं कुरिअरचं ऑफिस पाचला बंद होतं. आत्ता तिथे साडेतीन झालेत."

पासपोर्ट सातव्या दिवशी आला. आला तेव्हा ही शाळेत होती आणि पाकीट अण्णांनी घेतलं. पाकिटावर हिचं नाव, म्हणून ते मला हात लावू देईनात. तीन तास आम्ही दोघं त्या पाकिटाच्या दोन बाजूंना बसून होतो. मी विचारलं, "आत तोच आहे ना, नुसतं बघू तरी." ते म्हणाले, "वजन केलंय. पासपोर्टाएवढं भरतंय."

उरलेल्या दोन दिवसांत मी हिच्या बॅगेची चारही चाकं नवी बसवली. चाळीस नाही, ऐंशी फेऱ्या मारल्या. (वाळू शाळेतून परत आणून. खोरं मोडलं, पाचवीची मुलं माझ्याशी बोलत नाहीत.) विमानतळावर तोच पहारेकरी होता. ही आत गेली. एकदाही मागे वळली नाही, कारण डोक्यावरच्या पाट्या वाचण्यात गुंग होती, सगळ्या, अगदी स्वच्छतागृहाचीसुद्धा. पाठ ताठ, कोट हातावर, मागे आवाज न करता चालणारी बॅग.

"ते चाक तुम्ही बसवलंय का?" पहारेकऱ्याने विचारलं.

"चाकाचं सोडा," मी म्हटलं. "त्या बाई दिसतायत ना, त्या आमच्या आहेत."

माझा ऊर इतका भरून आला होता की टॅक्सीवाल्याला मी घराऐवजी तिच्या शाळेचा पत्ता सांगितला.

इकडे प्राध्यापक परतले, पण आमच्या वस्तूंशिवाय. तिकडच्या एका संग्रहालयाने महिनाभरासाठी त्या मागून घेतल्या होत्या. "एका अनोळखी घराचं दर्शन" असं नाव देऊन काचेच्या कपाटात मांडल्या होत्या. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगू लागलो. कुणी चेन बसवायला आलं की मी विचारायचो, "तुमच्या घरचं काही संग्रहालयात आहे का? नाही ना?" औषधवाले तर रस्ता ओलांडायचे बंद झाले.

दुसऱ्या आठवड्यात हिचं लांबलचक पत्र आलं. तिने नदी पाहिली होती. बूट काढून पाण्यात उभी राहिली होती, आणि पाणी इतकं गार होतं की पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, असं तिने दोनदा लिहिलं होतं. ज्यांच्याकडे उतरली होती त्या शिक्षिकेचा नवरा खरोखरच कुटायला मदत करतो, हेही लिहिलं होतं. त्याखाली रेघ ओढली होती. शेवटचं पान संग्रहालयाचं होतं. रविवारी गाडीने जाऊन ती आमचं कपाट बघून आली होती. मी दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना थांबवलं, अण्णांना हाक मारली आणि ते पान मोठ्याने वाचायला घेतलं.

"सगळ्या वस्तूंखाली चिठ्ठ्या लावल्यात," तिने लिहिलं होतं. "दाराच्या दगडाखाली 'पूजनीय शिळा' लिहिलं होतं, ते मी बदलायला लावलं. वस्तू एकट्या गेल्या की असं होतं, म्हणून माणसाने मागोमाग जावं, हे अण्णांना सांगा. तुमचा बनियन मधोमध टांगलाय, वर वेगळा दिवा सोडलाय. खाली लिहिलंय, 'मासे पकडण्याचं हातविणीचं जाळं, बहुधा शंभर वर्षं जुनं.' ते मात्र मी दुरुस्त केलं नाही. इतक्या लोकांत मला ओळख सांगवेना. पण संग्रहालयाच्या बाईंनी मुद्दाम विचारलं, असलं जाळं तुमच्याकडे अजून कुणी वापरतं का? मी शिक्षिका, खोटं कसं बोलणार. म्हटलं, हो, एक जण वापरतो. रोज."

चारही गिऱ्हाइकांनी वर पाहिलं. उकाडा होता म्हणून शर्ट मी सकाळीच काढून खुंटीला लावला होता.